भाकरी पचवणारा लांडगा

घरात कुत्रा आला की त्याने काय खावं यावर घरातच दोन तट पडतात. एक म्हणतो, हा मूळचा लांडगा, याला कच्चं मटणच हवं. दुसरा म्हणतो, आपल्या गावची कुत्री दूध-भाकरीवरच वाढली की! या वादाचं उत्तर कुत्र्याच्या जनुकांत सापडतं, आणि ते थक्क करणारं आहे.

पिष्ट पचवायला अमायलेज नावाचं विकर लागतं. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांचे जीनोम ताडून पाहिले. अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन. कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत! माणसाने धान्य पिकवलं, ते त्याच्या दाराशी राहणाऱ्या प्राण्याच्याही अंगी लागलं, आणि पिढ्या उलटता उलटता त्याची जनुकंच बदलली. ऑस्ट्रेलियातल्या डिंगो या रानकुत्र्यांमध्ये आणि हस्की जातीच्या कुत्र्यांमध्ये मात्र या प्रती कमीच आढळतात. त्यांचा शेतीशी फारसा संबंधच आला नव्हता.

भाकरीचा घास आपण चावत राहिलो की गोड लागू लागतो, तो लाळेतल्या अमायलेजमुळे. कुत्र्याच्या लाळेत ते जवळजवळ नसतंच. तो घास सरळ गिळतो. पिष्ट फोडायचं काम पुढे लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने होतं. म्हणून त्याचा भात नीट, मऊ शिजलेला हवा.

म्हणजे दूध-भाकरी पुरते का? नाही. क जीवनसत्त्व तो स्वतःच्या यकृतात तयार करतो, जे आपल्याला जमत नाही. पण दिवसभर उन्हात लोळूनही त्याच्या कातडीत पुरेसं ड जीवनसत्त्व बनत नाही. ते खाण्यातूनच मिळावं लागतं. नुसतं मटणही पुरत नाही, कारण त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. वाढत्या पिल्लाचं शरीर मग ती तूट स्वतःच्या हाडांतून भरून काढतं.

आपल्या ताटातली आमटी त्याच्या भातावर ओतू नका. कांदा-लसणाने त्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवल्याने तो धोका टळत नाही. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेटही नको.

माझं मत सांगायचं तर, मांस किंवा अंडी मुख्य, जोडीला मऊ भात आणि थोडी उकडलेली भाजी. मात्र जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम पशुवैद्याला विचारूनच द्यावं. हे रोज सांभाळणं जमणार नसेल, तर ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं, त्याच्या वयाला साजेसं तयार खाणं खुशाल द्यावं.

आणि लाडाने जास्त वाढू नये. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या जोड्या लावल्या होत्या; जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. आज आपल्या कुत्र्याच्या कुशीवरून हात फिरवून पाहा. बरगड्या हाताला सहज लागत नसतील, तर उद्यापासून वाढताना हात आखडता घ्या.