सातपुड्यापलीकडील मराठी घरें

घरांतील कोणी सातासमुद्रांपलीकडे गेला म्हणजे त्याचें आपणांस मोठें अप्रूप वाटतें. लंडनला किंवा अमेरिकेंत मराठी मंडळानें गणपति बसविला तर त्याचीं छायाचित्रें आपण कौतुकानें पाहतों, आणि तेथील नातवंडें मराठी विसरत चाललीं म्हणून हळहळतों. परंतु आमच्या नरडाण्यावरून जो मुंबई-आग्रा मार्ग उत्तरेस जातो, त्यानेंच शिरपूर मागें टाकून व बिजासनचा घाट ओलांडून सेंधव्यास पोंचलें, कीं जें राज्य लागतें, त्यांत २०११ च्या जनगणनेप्रमाणें बारा लाखांहून अधिक माणसांनीं आपली मातृभाषा मराठी म्हणून नोंदविली आहे, ही गोष्ट किती घरांत ठाऊक असेल? मध्यप्रदेशांतील ही मराठी वस्ती कोठकोठें आहे, ती तेथें कशी झाली, आणि तिच्या भाषेचें पुढें काय होणार, ह्याचा थोडा विचार आज करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या वस्तीचे मुख्य प्रकार दोन. एक, स्वदेश सोडून तिकडे गेलेल्यांचा. दुसरा, जागच्या जागींच राहून परराज्यांत गेलेल्यांचा.

पहिला प्रकार इतिहासाच्या पुस्तकांमुळें आपल्या परिचयाचा आहे. १७२८ च्या नोव्हेंबरांत धारजवळ अमझेरा येथें चिमाजी अप्पांनीं माळव्याचा मोंगल सुभेदार गिरिधरबहादूर ह्याचा पराभव केला, आणि माळव्याचें दार मराठ्यांस उघडलें. पुढें इंदूर होळकरांचें, उज्जैन शिंद्यांचें आणि धार व देवास पवारांचें झालें. बुंदेलखंडांत छत्रसालाकडून बाजीरावांस मिळालेल्या मुलखाच्या व्यवस्थेस कोंकणांतले गोविंदपंत खेर गेले. तेच गोविंदपंत बुंदेले. त्यांच्यामुळें सागरकडे मराठी घरें झालीं. दौलतराव शिंद्यांनीं १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरीस तळ दिला. शहराच्या त्या भागास अद्यापि ‘लष्कर’ असेंच म्हणतात. सरदारांमागून फडणीस, कारकून, वैद्य, पुराणिक गेले, तसेच शिलेदार, बारगीर, धनगर, शिंपी हेहि गेले. तिकडील मराठी म्हणजे केवळ आपल्या ओळखीचीं चार ब्राह्मण घराणीं, अशी जी आपली समजूत असते ती बरोबर नव्हे. पुढें इंग्रजी अमलांत छावण्यांमुळेंहि मराठी माणूस तिकडे गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ सालीं महू येथें झाला, तो त्यांचे वडील लष्करांत असल्यामुळेंच.

त्या काळीं सातपुडा ही दोन राज्यांची सरहद्द नव्हती, हें आपण खानदेशांतल्यांनीं तरी विसरतां कामा नये. आमच्याजवळचा तापीकांठचा थाळनेरचा किल्ला होळकरांचा होता. १८१७ च्या डिसेंबरांत महिदपूरच्या लढाईंत होळकरांचा पराभव झाला, आणि पुढील जानेवारींत झालेल्या मंदसोरच्या तहानें सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख त्यांस इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला. फेब्रुवारींत थाळनेरहि पडलें. म्हणजे इंदूर आणि खानदेश ह्यांची ताटातूट अवघ्या दोन शतकांपूर्वींची. त्याआधीं इंदूर हें आमच्या भागास परकें नव्हतेंच.

दुसरा प्रकार मात्र बहुतेकांच्या ध्यानांतच येत नाहीं. आपली तापी बैतूल जिल्ह्यांत मुलताईस उगम पावते, व खालीं बऱ्हाणपुरावरून खानदेशांत येते. ह्या मुलताईच्या व बऱ्हाणपुराच्या भागांत, तसेंच पूर्वेस सौंसर-पांढुर्ण्याकडे, शेतकरी, मजूर व व्यापारी ह्यांच्या तोंडीं मराठी आहे. हे लोक कोणाच्या फौजेबरोबर गेले नाहींत. सरहद्दच त्यांच्या शेतांपलीकडे सरकली. जुन्या मध्यप्रांतांत नागपूर आणि छिंदवाडा एकाच राज्यांत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला, आणि रेषेच्या उत्तरेकडील मराठी गांवें नव्या मध्यप्रदेशांत राहिलीं. पांढुर्णें तर २०२३ सालापासून स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तेथें जाम नदीच्या दोन तीरांवर गोटमार होते, ती प्रसिद्धच आहे. ती प्रथा कोणास रुचो वा न रुचो, पण तो पोळा आपलाच, ह्याविषयीं शंका नको.

आतां भाषेकडे वळूं. संस्थानांच्या आश्रयानें तिकडे मराठीची जी जोपासना झाली ती लहान नव्हे. मराठी साहित्य संमेलन इंदुरास १९१७, १९३५ व २००१ सालीं, आणि ग्वाल्हेरीस १९२८ व १९६१ सालीं भरलें. ह्या १९६१ च्या संमेलनांतच कुसुमावती देशपांडे ह्यांच्या रूपानें अध्यक्षपदीं प्रथम स्त्री बसली. कविवर्य भास्कर रामचंद्र तांबे ह्यांचा जन्म मुंगावलीचा व अखेर ग्वाल्हेरीची. म्हणजे ज्यांचीं गीतें पुण्या-मुंबईच्या घराघरांत गायिलीं गेलीं, त्यांचें आयुष्य बहुतांशीं सातपुड्याच्या उत्तरेस गेलें. आणखी एक उदाहरण मनोवेधक आहे. शिवपुरीच्या पलीकडे श्योपूर येथें १९१७ सालीं जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवि झाले, आणि त्यांचे सख्खे बंधु शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे नामांकित कवि व कादंबरीकार झाले. एकाच घरांतून दोन भाषांस दोन कवि मिळाले. त्यावरून हिंदीचा द्वेष केल्यावांचून मराठी टिकत नाहीं, हें म्हणणें किती फोल आहे तें उघड होतें.

मग अडचण कोठें आहे? आमच्या मतें ती अशी. भाषा प्रेमानें जगत नाहीं. ती कामानें जगते. पांढुर्ण्याकडील शेतकऱ्यास बैल हांकावयास, बाजारांत भाव करावयास, शेजाऱ्याशीं भांडावयास मराठी लागते. म्हणून ती त्याच्या घरीं सुखरूप आहे. इंदूर-ग्वाल्हेरीच्या सुशिक्षित घरांत पूर्वीं दरबार, दफ्तर व शाळा हीं मराठीचीं कामें होतीं. संस्थानें १९४८ सालीं मध्यभारतांत विलीन झालीं, आणि तेथें मराठीस स्वयंपाकघर, देवघर व गणेशोत्सव एवढेंच क्षेत्र उरलें. आजी बोलते, आई समजते, नात हिंदींत उत्तर देते, असा हा उतार आहे.

अध्यापनाच्या काळांत मे महिन्याच्या सुट्टींत मामाकडे आलेलीं अशीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. ‘बाळ’चा ‘बाल’ करीत. आणि वडील ‘शिक्षा विभागांत’ आहेत असें एखादें सांगे, तेव्हां आजीस वाटे कीं जांवई तुरुंगावर नेमला आहे! हसण्यासारखी गोष्ट खरी. पण तिच्यांतच उपायहि आहे. लंडनच्या मुलास मराठी शिकवावयाची तर ‘अ आ इ ई’ पासून आरंभ करावा लागतो. इंदूरच्या मुलास देवनागरी लिपि शाळेंतच येऊन चुकलेली असते, आणि संस्कृत शब्दांचा साठाहि बहुतेक तोच असतो. ‘ळ’चा उच्चार, ‘च-ज-झ’ ह्यांचे दोन दोन ध्वनि, विभक्तीचीं रूपें आणि ‘शिक्षा’, ‘राग’, ‘चेष्टा’ ह्यांसारखे अर्थ पालटलेले शब्द, एवढेंच काय तें नवें. ज्याची वाट इतकी थोडी उरली आहे त्याचा हात धरावयास आपण जात नाहीं, ही मात्र खेदाची गोष्ट होय.

आपल्या एकत्र कुटुंबांतून मुली तिकडे दिल्या जातात व तिकडच्या सुना इकडे येतात. चिपळूणचें माहेर असलेल्या सुमित्रा महाजन लग्नानंतर इंदूरकर झाल्या, तेथून १९८९ पासून सलग आठ वेळां लोकसभेवर निवडून आल्या, आणि २०१४ ते २०१९ ह्या काळांत लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. अशा नात्यांची वाट आतां अधिक सुकर होईल. मनमाड-इंदूर लोहमार्गास केंद्र सरकारनें २०२४ च्या सप्टेंबरांत मान्यता दिली असून तो धुळें-नरडाण्यावरूनच जावयाचा आहे.

म्हणून वाचकांस, विशेषतः घरांतील वडील मंडळींस, आमची एक विनंति आहे. मालव्यांतील लेकीकडे पापड-कुरडया जातात, त्यांबरोबर एक मराठी गोष्टींचें पुस्तक जाऊं द्यावें. नातवंडानें हिंदींत विचारलें तरी उत्तर मराठींत द्यावें, आणि त्याच्या चुकांस हंसूं नये. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे त्यास महिन्याकांठीं चार ओळींचें पत्र मराठींतच लिहावें व उत्तर मराठींतच मागावें. आजोबांशीं पत्रव्यवहार हें का होईना, पण भाषेस एक काम मिळेल. आणि काम मिळालें म्हणजे ती आपली आपण जगेल.