एका चौरस मैलात पाच माणसं

११ ऑक्टोबर १८६९. कॅनडातल्या आजच्या विनिपेग शहराजवळ, रेड नदीच्या काठी, कॅप्टन ॲडम वेब यांची मोजणीची तुकडी साखळी ओढत आंद्रे नो यांच्या गवताच्या रानात शिरली. नो हे मेटी शेतकरी. मेटी म्हणजे फ्रेंच आणि स्कॉटिश कातडी-व्यापारी आणि तिथल्याच क्री, ओजिब्वे स्त्रिया यांच्या संसारांतून पिढ्यांपूर्वी उभा राहिलेला समाज. नो यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या नात्यातल्या लुई रिएलला बोलावून घेतलं. चोवीस वर्षांचा रिएल पंधरा-सोळा माणसं घेऊन आला. कुणाच्याही हातात शस्त्र नव्हतं. ते साखळीवर पाय देऊन उभे राहिले आणि इथून पुढे मोजता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. वेब यांनी सामान आवरलं.

कॅनडाच्या पश्चिमेचा इतिहास सांगताना मला याच प्रसंगापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण मोजणी म्हणजे काय हे त्या माणसांना नेमकं कळलं होतं. हडसन्स बे कंपनीला १६७० साली इंग्लंडच्या राजानं सनद देऊन एक अफाट मुलूख बहाल केला होता. तो मुलूख ३ लाख पौंडांना कॅनडाकडे सोपवण्याचं लंडनमध्ये ठरलं, तेव्हा तिथं राहणाऱ्या कुणालाही विचारलं गेलं नाही. हस्तांतर व्हायचं होतं, पण साखळी आधीच येऊन पोचली होती. मेटींची शेतं नदीपासून आत लांबवर जाणाऱ्या अरुंद पट्ट्यांची होती, म्हणजे प्रत्येक घराला पाणी, झाडी, शेत आणि मागे गवत मिळे. येणाऱ्या मोजणीला मात्र चौकोन हवे होते.

ते चौकोन १८७१ पासून पडू लागले. त्या वर्षीच्या जुलैत विनिपेगच्या पश्चिमेला पहिला खांब रोवला गेला. अमेरिकेच्या हद्दीवरचं ४९ अंश अक्षांश ही पायारेषा, आणि त्यावरून उत्तरेकडे सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा टाउनशिप. प्रत्येक टाउनशिपमध्ये एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचे १६० एकरांचे चार पाव. रेखांश उत्तरेकडे एकमेकांजवळ येत जातात. त्यामुळे चौकोन जुळेनासे होतात, म्हणून ठरावीक अंतरावर दुरुस्तीची रेषा घालावी लागते. तिथले सरळ रस्ते अजूनही मध्येच एक झटका घेऊन बाजूला सरकतात ते यामुळे. मॅनिटोबापासून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत ही जाळी पसरली.

ज्या साखळीनं हे सगळं मोजलं ती आपल्यालाही परकी नाही. एडमंड गुंटर यांची ६६ फुटी साखळी: ८० साखळ्यांचा मैल, दहा चौरस साखळ्यांचा एकर. मुंबई इलाख्यात हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात जी मोजणी सुरू केली, तिथं याच साखळीची निम्मी, ३३ फुटांची साखळी रुजली. तिच्या एका चौरसाला आपण आजही गुंठा म्हणतो आणि चाळीस गुंठ्यांचा एकर धरतो. अवजाराचं कूळ एकच, पण कामात फरक होता. इंदापुरात मोजणीदारानं उभी शेतं, बांध आणि वहिवाट बघून सर्व्हे नंबर पाडले, कारण सरकारला कसणाऱ्याकडून सारा हवा होता. प्रेअरीवर रेघ आधी ओढली गेली आणि माणूस नंतर बोलावला गेला. १८७२ च्या कायद्यानं १० डॉलर फी भरणाऱ्या वसाहतदाराला १६० एकर मिळू लागले. काही वर्षं तिथं राहायचं, जमीन फोडायची, की ती त्याची. १८७६ च्या इंडियन कायद्यानं मात्र मॅनिटोबात आणि वायव्य प्रदेशात मूळ रहिवाशांना अशी जमीन घ्यायला स्पष्ट मनाई केली. ज्यांच्या पायाखाली ती जमीन होती तेच त्या रांगेत उभे राहू शकत नव्हते.

त्यांच्यासाठी करार होते. १८७१ ते १८७७ या सात वर्षांत सात करार झाले आणि बहुतेक सगळा सुपीक पट्टा त्यांत आला. पहिल्या करारात पाच माणसांच्या कुटुंबामागे १६० एकर राखीव जमीन ठरली. तिसऱ्या करारापासून बहुतेक ठिकाणी तेच प्रमाण पाच माणसांमागे एक चौरस मैल झालं. माणशी १२८ एकर. १८७६ मध्ये फोर्ट कार्लटनला सहाव्या कराराची बोलणी चालू असताना हे गणित ऐकून तरुण क्री पुढारी पाउंडमेकर यांनी उघड विरोध केला. जमीन आमची आहे, तिचे तुकडे करून तेच परत आमच्याच हातावर ठेवायला ती काही पेमिकन नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पेमिकन म्हणजे सुकवलेलं मांस आणि चरबी यांच्या वड्या, रानातल्या प्रवासातली शिदोरी. करार झाला. पाउंडमेकरनीही पुढे सही केली, कारण रानगव्यांचे कळप डोळ्यांदेखत विरळ होत होते. १८७९ पर्यंत कॅनडाच्या बाजूचे कळप संपल्यात जमा होते.

करारानं जमिनीचा आकार ठरवला, जागा नव्हे. जागा त्या त्या जमातीशी बोलून ठरवायची होती आणि मग मोजणीदार येणार होता. पण माणसं किती? सगळा घोळ या प्रश्नात आहे. करारान्वये दरवर्षी माणशी ठरलेली रक्कम वाटली जाई, त्या वाटपाची यादी हाच खानेसुमारीचा आधार. यादी तयार झाली त्या दिवशी जो शिकारीला गेला होता, जो दुसऱ्या प्रमुखाच्या तळावर होता, जो उपाशी पोटी सीमा ओलांडून मोंटानात रानगवे शोधत होता, तो मोजणीत नाही. पाच जण गैरहजर असले की एक चौरस मैल कमी. फिरत्या जीवनाच्या लोकांची शिरगणती एका दिवसात, एका जागी करायची आणि तिला पाचानं भागून कायमची हद्द आखायची, हे मला आजही धडधडीत अन्यायाचं वाटतं, मग मोजणारा कितीही प्रामाणिक असो.

मोजणारे बहुधा प्रामाणिक होतेही. विल्यम वॅग्नर, ॲलन पॉइंट्झ पॅट्रिक, जॉर्ज सिम्प्सन, आणि १८८० च्या दशकात सगळ्यांत जास्त काम केलेले जॉन नेल्सन. त्यांच्याबरोबर साखळी धरणारे, झाडी तोडणारे, सामानाच्या गाड्या. रात्री ध्रुवतारा पाहून खरी उत्तर दिशा काढायची, दिवसा त्या रेषेत साखळी टाकत जायचं. कोपऱ्यावर खांब, त्याभोवती मातीचा ढीग आणि माती काढलेले खड्डे. गवताळ रानात दगड किंवा झाड सापडेलच असं नाही, म्हणून खड्ड्यांचाच पुरावा. अनेक राखीव प्रदेश सरकारी जाळी तिथं पोचण्याआधी मोजले गेले. त्यामुळे नकाशावर ते सेक्शनच्या रेषांना तिरके छेदून जाताना दिसतात. काही मात्र थेट जाळीतूनच कापून दिले: कॅल्गरीला लागून असलेला त्सुतिनांचा प्रदेश म्हणजे एका रांगेतल्या तीन टाउनशिप, बरोबर १०८ चौरस मैल.

सगळ्यांत बोलकं प्रकरण दक्षिण अल्बर्टातल्या कायनाई लोकांचं. इंग्रजीत त्यांना ब्लड म्हणत. १८७७ च्या सातव्या करारात त्यांना सिकसिका आणि त्सुतिना या जमातींबरोबर बो नदीच्या उत्तर काठावर चार मैल रुंदीचा पट्टा दिला होता. त्यांचे प्रमुख रेड क्रो यांना तो नको होता. त्यांचं राहणं दक्षिणेला बेली नदीच्या बाजूला, पर्वतांच्या दिशेनं. सरकारनं जागा बदलायला मान्यता दिली आणि १८८२ मध्ये नेल्सननी तिथं हद्द आखली. पुढच्याच वर्षी ते परत आले आणि दक्षिणेची रेषा उत्तरेकडे सरकवली. कमी झालेल्या शिरगणतीवरून क्षेत्र ठरलं ५४७.५ चौरस मैल, म्हणजे सुमारे २,७३७ माणसं. आजही क्षेत्रानं कॅनडातला सर्वांत मोठा राखीव प्रदेश हाच आहे, पण कायनाई घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं की आमची हद्द नद्यांच्या मधून थेट पर्वतांपर्यंत होती. दक्षिणेच्या रेषेपलीकडे १८८७ मध्ये मॉर्मन वसाहतदारांनी कार्डस्टन गाव वसवलं.

सायप्रस हिल्समध्ये तर आखलेली हद्दच नाहीशी झाली. नाकोदा लोकांसाठी ॲलन पॅट्रिक यांनी १८८० मध्ये तिथं ३४० चौरस मैलांचा प्रदेश मोजला होता. त्याच टेकड्यांत क्री प्रमुखांनाही एकमेकांना लागून जागा हव्या होत्या. बिग बेअर, पायापॉट आणि लिटल पाइन यांना सलग मोठा मुलूख मागायचा होता, म्हणजे हद्दी वेगळ्या पण लोक एकत्र. सरकारला नेमकं तेच नको होतं. फोर्ट वॉल्शमधलं शिधावाटप आखडतं घेतलं गेलं, १८८२ च्या हिवाळ्यात माणसं उपाशी राहिली, १८८३ मध्ये किल्लाच बंद झाला आणि सगळ्यांना उत्तरेला, पूर्वेला विखरून पाठवलं गेलं. उपासमार हे इथं हद्द ठरवण्याचं हत्यार झालं. असं लिहिताना हात थबकतो, पण त्या काळच्या सरकारी कागदांतून दुसरं काही वाचता येत नाही.

एडमंटनच्या दक्षिणेला पपसचेस या प्रमुखांच्या लोकांची जमीन होती. १८८० मध्ये सिम्प्सन मोजायला आले, तेव्हा जागेवरून आणि माणसांच्या आकड्यावरून वाद पेटला. १८८४ मध्ये हद्द कायम झाली तेव्हा सुमारे ४० चौरस मैल हाती आले. पण गाव वाढत होतं आणि गावाच्या वेशीवर आदिवासींची जमीन नको, अशी मागणी तिथल्या 'एडमंटन बुलेटिन' या वर्तमानपत्रानं लावून धरली. त्याचे संपादक फ्रँक ऑलिव्हर. १८८६ मध्ये पपसचेस लोकांतल्या अनेकांनी करार सोडून त्या बदल्यात सरकारी रोखे घेतले आणि १८८८ च्या नोव्हेंबरात उरलेल्या तीन पुरुषांच्या सह्यांवर सगळी जमीन सरकारजमा झाली. पुढे हेच ऑलिव्हर केंद्रात मंत्री होऊन मूळ रहिवाशांच्या खात्याचे प्रमुख झाले. १९११ मध्ये त्यांनी मोठ्या गावांलगतचे राखीव प्रदेश हलवण्याची वाट कायद्यानं मोकळी केली. त्या जमिनीवर आज एडमंटनचं मिल वुड्स हे उपनगर आहे. भारतातून गेलेली असंख्य कुटुंबं तिथं घर करून राहतात. त्यांच्या घरपट्टीच्या कागदावर पपसचेस हे नाव नसतं. ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

१८८९ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाच्या एका आदेशानं नेल्सन यांच्या नकाशांतले कितीतरी प्रदेश एकाच वेळी कायम झाले. पण मोजणी तिथं थांबली नाही. त्याच सुमारास हेटर रीड या अधिकाऱ्यानं राखीव प्रदेशांच्या आतही साखळी नेली. सामाईक जमिनीचे ४० एकरांचे तुकडे पाडायचे आणि यंत्रांऐवजी विळा-फावड्यानं शेती करायला लावायचं, असं त्यांचं धोरण. तुकडे पडले की उरलेली जमीन जास्तीची ठरे, आणि जास्तीची म्हटली की ती मागणारे तयारच असत. १८९६ ते १९११ या काळात प्रेअरीवरच्या राखीव जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा असाच सरकारकडे परत गेला. १९१० मध्ये सिकसिकांची सुमारे १ लाख १५ हजार एकर गेली. त्या व्यवहाराचा निपटारा २०२२ मध्ये १३० कोटी डॉलर देऊन झाला.

मेटींच्या वाट्याला तर तेवढंही आलं नाही. जमीन गमावलेली अनेक कुटुंबं सेक्शनांमध्ये रस्त्यासाठी सोडलेल्या पट्ट्यांवर झोपड्या बांधून राहिली. रस्तापट्टीचे लोक म्हणूनच ते ओळखले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथं मुलं जन्मली, लग्नं झाली, आणि रस्ता आला की घर हलवावं लागलं.

या लेखात एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. ज्या मोजणीनं वचन लहान केलं, त्याच मोजणीनं ते किती लहान केलं याचा हिशेबही लिहून ठेवला. क्षेत्रवह्या, नकाशे, वाटपाच्या याद्या, पत्रव्यवहार, सगळं ओटावातल्या दप्तरांत राहिलं. जमातींनी नेमलेल्या इतिहासकारांनी आणि वकिलांनी १९७० नंतर ते उघडलं. पहिल्या मोजणीच्या तारखेला यादीत कोण होतं, कोण सुटलं, उशिरा कोण आलं, हे नाव-नाव करून जुळवलं गेलं. त्यातून सॅस्कॅचेवानमध्ये १९९२ साली २५ जमातींशी एक मोठा करार झाला आणि मॅनिटोबात १९९७ साली. कमी पडलेल्या एकरांच्या बदल्यात पैसे, आणि त्या पैशांतून बाजारभावानं जमीन विकत घेऊन ती राखीव करायची. मस्केग लेकच्या क्री लोकांनी हीच वाट आधी शोधली होती: १९८८ मध्ये सॅस्कटून शहरात त्यांचा छोटा राखीव तुकडा झाला, आणि आज त्यावर कार्यालयं आणि धंदे उभे आहेत. शेतजमीनच घेतली पाहिजे असं कुठे लिहिलं होतं?

कायनाईंनी १९८० मध्ये दावा लावला. प्रमुख जिम शॉट बोथ साइड्स यांच्या नावानं तो चालला. त्यांच्या हयातीत निकाल लागला नाही. कोर्टात वडीलधाऱ्यांनी तोंडी इतिहास सांगितला आणि दुसऱ्या बाजूला नेल्सन यांची कागदपत्रं उलगडली गेली. पर्वतांपर्यंतची मोठी मागणी कोर्टानं मान्य केली नाही. पण शिरगणतीचं गणित मान्य केलं: १८८३ मध्ये ७१० चौरस मैल द्यायला हवे होते, दिले ५४७.५. तूट १६२.५ चौरस मैल, म्हणजे १ लाख ४ हजार एकर. यानंतर अडथळा आला तो मुदतीच्या कायद्याचा. हे १९७० च्या दशकातच कळायला हवं होतं, उशीर झाला, असं अपिलात ठरलं. पपसचेसच्या वारसांचा दावा २००८ मध्ये याच खडकावर फुटला होता.

१२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती मिशेल ओबॉन्सविन यांनी. त्या न्यायालयावर बसलेल्या त्या पहिल्या मूळ रहिवासी न्यायाधीश. दावा मुदतबाह्य आहे, त्यामुळे भरपाईचा हुकूम देता येत नाही, असं त्यांनी मान्य केलं. पण कॅनडानं कायनाईंना कराराप्रमाणे जमीन दिली नाही आणि त्यात राजसत्तेची अब्रू गेली, हे न्यायालयानं जाहीरपणे नोंदवलं. आता ते १६२.५ चौरस मैल वाटाघाटींच्या टेबलावर ठेवायचे आहेत. दक्षिणेच्या रेषेपलीकडची बरीचशी जमीन मात्र गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत खाजगी झाली आहे आणि तिथं शेतकऱ्यांच्या चार पिढ्या नांदल्या आहेत.