उभं राहिल्यावरची नाडी

अमेरिकेतल्या यादवी युद्धात अंगावर जखम नसलेले कितीतरी सैनिक फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात येत होते. छातीत धडधड, जराशा श्रमाने धाप, चक्कर, गळून गेलेलं अंग. डॉ. जेकब मेंडेस डा कोस्टा यांनी अशा तीनशेहून अधिक सैनिकांचा अभ्यास १८७१ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्ण आडवा आहे की उभा, यानुसार त्याची नाडी झपाट्याने बदलते, हेही त्यांनी टिपलं होतं. दोष मात्र त्यांनी हृदयाला दिला.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये थॉमस लुईस यांनी अशाच सैनिकांना हळूहळू वाढत जाणारा व्यायाम दिला आणि अनेकांना पायावर उभं केलं. पुढे १९४१ मध्ये पॉल वुड यांनी हा मूलतः चिंतेचा विकार असल्याचं मांडलं. मग बराच काळ अशी तक्रार मनाच्या खात्यावर जमा होत राहिली.

दुसरीकडे स्वायत्त मज्जासंस्थेचं काम उलगडत होतं. माणूस उभा राहिला की अर्धा लिटरहून अधिक रक्त पोट-पायांकडे उतरतं. तेव्हा ही संस्था क्षणात रक्तवाहिन्या आवळते, ठोके थोडे वाढवते. ते जमलं नाही की रक्तदाब कोसळतो. असे तीन रुग्ण ब्रॅडबरी आणि एगल्स्टन यांनी १९२५ मध्ये नोंदवले. मधुमेहातही या संस्थेच्या नसा बिघडतात. त्या तपासण्यासाठी एडिंबरोच्या इविंग यांनी १९७०च्या दशकापासून खोल श्वास, उभं राहणं, मूठ आवळणं अशा साध्या चाचण्या रूढ केल्या.

तरी धडधड-चक्कर असणाऱ्या रुग्णांचा एक गट निसटतच होता. यांचा रक्तदाब उभ्यानेही पडत नसे, म्हणून तपासणी ‘नॉर्मल’ यायची. १९९३ मध्ये शॉन्डॉर्फ आणि लो यांनी या विकाराचं वर्णन केलं. त्याची आजची कसोटी : उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला किमान ३० ठोक्यांनी वाढणं. किशोरवयीनांसाठी ही मर्यादा ४० आहे. हाच ‘पॉट्स’, म्हणजे पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम. रुग्णांत तरुण स्त्रिया अधिक. कोविडनंतर असे रुग्ण वाढले, तेव्हा कुठे हे नाव अनेक डॉक्टरांच्याही कानावर आलं.

उपचारात औषधांची भर पडली, पण पाया साधाच आहे. भरपूर पाणी, डॉक्टरांच्या सल्ल्याने जास्त मीठ, पाय-पोट आवळणारे मोजे-पट्टे, आणि आडवं राहून सुरू करायचा व्यायाम. लुईस यांचा धागा इथे पुन्हा सापडतो. उच्च रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मिठाचा प्रयोग अंगाशी येईल.

आपल्याकडे चक्कर आली की पित्त किंवा अशक्तपणा म्हणून विषय मिटतो. कधी ते खरंही असतं. पण महिनोन्‌महिने उभं राहिलं की धडधड होते आणि आडवं झालं की बरं वाटतं, असं सांगणाऱ्याला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणण्याआधी दहा मिनिटं उभं करून नाडी मोजावी. त्यासाठी घड्याळ पुरतं. गर्दीच्या ओपीडीत अडतं ते दहा मिनिटांवरच.