सोसायटीशेजारचा शेतकरी आठवडी बाजार

आमच्या सोसायटीशेजारच्या मैदानात आता दर बुधवारी संध्याकाळी शेतकरी आठवडी बाजार भरतो. लिफ्टमध्ये नुसती मान डोलावणारे शेजारी तिथे हरभऱ्याचे डहाळे निवडताना मनसोक्त गप्पा मारतात!

परवा जुन्नरकडच्या एका काकूंकडून मेथी घेतली. मुळांना ओली माती तशीच. "सकाळीच उपटलीय. धुऊन ठेवू नको गं, निवडून कागदात गुंडाळ," म्हणाल्या. बरोबरच आहे. पानांवर पाणी राहिलं की ती सडतात.

अशा बाजारांना बळ मिळालं ते 2016 मध्ये. त्या वर्षी राज्य सरकारने बाजार समितीच्या आवाराबाहेर फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. त्यामुळे शेतकऱ्याला माल थेट ग्राहकाला विकणं सोपं झालं. मग पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने आठवडे बाजार सुरू केले. सावतोबा सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे, मळ्यातच विठ्ठल पाहणारे. नाव अगदी शोभतं.

एक विनंती: इथे घासाघीस करू नका. पहाटे भाजी काढून, टेम्पोचं भाडं भरून माणूस आलेला असतो.

कुठली भाजी कशी निवडायची, कशी टिकवायची, काहीही विचारा. जमेल तसं सांगते.