झोपेत दात खाणे आणि जबड्याचे दुखणे

रागावलेला माणूस दातओठ खातो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु शांत स्वभावाचा माणूसही झोपेत करकर दात खातो, हे आमच्या सौभाग्यवतींनी सांगेपर्यंत आम्हाला माहीत नव्हते. सकाळी उठलो की कानशिले ठणकत, जबडा आखडलेला असे आणि घास चावताना कानापुढे 'कट्' असा आवाज होई. वडीलधाऱ्यांनी जंताचे औषध सुचविले. आम्ही कान तपासून घेतले, बँकेत जाताना खिशात डोकेदुखीच्या गोळ्या ठेवू लागलो आणि शेवटी एक दाढही काढून घेतली. दाढ गेली, दुखणे मात्र तसेच राहिले. इतरांवर ही वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडावे. तेथे जे हलते तो जबड्याचा सांधा. दोन हाडांमध्ये गादीसारखी एक चकती असते. ती जागेवरून सरकली की आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल व तोंड अडकत नसेल, तर बहुधा उपचाराची गरज नसते. दात खाण्याने मात्र चावण्याचे स्नायू रात्रीही राबतात, दातांचे कवच झिजते आणि थंड पाणी झोंबते. मनावरचा ताण, झोपेतील अडथळे, तंबाखू, दारू, रात्रीचा चहा-कॉफी व काही औषधे ही याची कारणे असू शकतात. लहान मुलांची ही सवय बहुधा वाढत्या वयात आपोआप कमी होते.

यावर दंतवैद्य स्प्लिंट देतात. दातांचे माप घेऊन त्यावरून कडक ॲक्रिलिकची दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी बनवितात. ती रात्री दातांवर बसवून झोपायचे. स्प्लिंटमुळे सवय मोडतेच असे नाही. पण दातांऐवजी पट्टी झिजते. वहाणेचा तळ झिजतो आणि पाय वाचतो, तसेच हे आहे. कित्येकांचे दुखणे कमी होते, सर्वांचे होत नाही. पट्टी थंड पाण्याने व ब्रशने धुवावी, गरम पाण्याने ती वाकते. अधूनमधून दंतवैद्यांना दाखवावी. मोजक्याच दातांवर बसणारी तयार पट्टी परस्पर वापरू नये, त्याने दातांची ठेवण बिघडू शकते. शिवाय काही दिवस मऊ अन्न खावे, जबडा शेकावा आणि दिवसा 'ओठ मिटलेले, दात सुटे' हे ध्यानात ठेवावे. निरोगी दात घासून घेणे किंवा काढणे हा पहिला उपाय नव्हे.

आमची पट्टी पाहून नात्यातील एक तरुण म्हणाला, "काका, मलाही अशीच करून द्या. माझं तोंड उघडत नाही." त्याच्या तोंडात दोन बोटेही जात नव्हती. तिखट झोंबत होते, गाल आतून पांढरट व ताठ झाले होते. त्याचा सांधा ठीक होता. दोष खर्ऱ्याचा होता. सुपारीमुळे तोंडातील अस्तराखाली घट्ट तंतू तयार होतात. या रोगाला 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली दिले. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी आपल्या भागात खर्रा घोटला जातोच. अशा तोंडाला स्प्लिंटचा काही उपयोग नाही.

त्या मुलाने खर्रा सोडला. तोंड पूर्वीसारखे झाले नाही. पण दंतवैद्यांनी सांगितलेले व्यायाम तो करतो आणि तपासणी चुकवत नाही.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, आजच आरशासमोर उभे राहा आणि आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर यवतमाळच्या दंतवैद्यांकडे, अथवा सावंगी (मेघे) किंवा नागपूरच्या दंत महाविद्यालयात दाखवा. घरातील तरुण मुलांनाही हे करून पाहायला सांगा. या परीक्षेला पैसा लागत नाही.