ऐकलं ते (लेखांक ९) : ज्या गाण्याला हात लावू नये

डिसेंबर लागला की एटापल्लीत शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होते. यंदा नावनोंदणीच्या दिवशी नववीतली एक मुलगी आली आणि म्हणाली, "सर, मी 'मोगरा फुलला' म्हणणार." मुलगी माडिया घरातली, मराठी तिची शाळेत शिकलेली भाषा. मी वहीत नाव लिहून घेतलं. ती गेल्यावर शेजारी हजेरीपट भरत बसलेले सहकारी मान वर न करता म्हणाले, "लिहून घेतलंत खरं, पण काही गाण्यांना हात लावू नये हो. ते लताबाईंनी म्हटलं, विषय संपला."

विषय संपला नाहीच. मधली सुट्टी त्यात गेली. कुणी 'ज्योति कलश छलके'चं नाव घेतलं, कुणी 'घेई छंद मकरंद'चं. प्रत्येकाकडे आपापली यादी निघाली, आणि यादीतल्या गाण्यांभोवती प्रत्येकानं कुंपण घातलेलं होतं. मागच्या लेखांकात आपण चाल शब्दांवर कशी बसते ते पाहिलं होतं. आता पुढचा प्रश्न असा, की एखादं गाणं इतकं पुरं होतं का, की ते दुसऱ्या कुणी गाऊच नये?

सुरुवात 'मोगऱ्या'पासूनच करू. शब्द ज्ञानेश्वरांचे मानले जातात, म्हणजे ते सातशे वर्षांहून जुने. ज्ञानेश्वरांची रचना कीर्तनात, भजनात, दिंडीत, गावोगावच्या चालींवर पिढ्यान् पिढ्या गायली जात आली. विसाव्या शतकात हृदयनाथ मंगेशकरांनी 'मोगऱ्या'ला चाल लावली आणि लताबाईंनी ती गायली. म्हणजे आधीच्या कुणी "याला हात लावू नका" असं बजावलं असतं, तर आज ज्या गाण्याभोवती आम्ही कुंपण घालतोय ते झालंच नसतं. सहकाऱ्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ते वेगळं."

ते वेगळं आहे, हे मलाही मान्य आहे. फक्त कशानं वेगळं, ते शोधायला हवं.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग ग्रामोफोन कंपनीचं यंत्र घेऊन कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहरजानचा आवाज तबकडीवर घेतला. रात्र रात्र रंगणारा ख्याल किंवा ठुमरी गौहरजाननं जेमतेम तीन मिनिटांत बसवली, आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत पुकारलं. आजच्या विषयाच्या दृष्टीनं त्या पुकारण्यात फार मोठी गोष्ट आहे. तोवर बंदिश घराण्याची असे, पद नाटकाचं असे, ओवी जात्यावर बसलेल्या बाईची असे. आता गाणं आणि गळा एकाच तबकडीवर कायमचे जोडले गेले. 'मूळ गाणं' म्हणून हातात धरता येईल अशी वस्तू पहिल्यांदाच तयार झाली. मूळ आलं तशी नक्कल आली, आणि नक्कल आली तसा "नक्कल करू नये" हा नियमही आला.

बंदिशीच्या बाबतीत आजही कुणी असं म्हणत नाही. भूपातली एकच बंदिश शंभर गवयांनी गायली तरी तिला 'कव्हर' म्हणायची आपल्याला लाज वाटेल. तिथे चीज म्हणजे बी, आणि तिचं झाड रोज वेगळं उगवणार हे गृहीतच असतं. ध्वनिमुद्रित गाण्यात मात्र आपण झाडासकट सगळंच पाठ करतो. दोन कडव्यांमधली बासरी, ओळ उचलण्याआधी घेतलेला हलकासा श्वास, एका अक्षरावर आलेला कंप, सगळं ओळीनं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिलं, की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आली तरी ती आपल्याला अधिक आवडू लागते. हजार वेळा ऐकलेल्या गाण्यात तो श्वास नसला तर कानाला ठेच लागते, आणि त्या ठेचेला आपण "गाणं बिघडवलं" म्हणतो.

याचा अर्थ थोरवी निव्वळ सवयीची, असा मात्र नाही. काही चाली खरोखर एकाच गळ्याच्या मापानं शिवलेल्या असतात. संगीतकाराला तो गळा कुठवर सहज चढतो, कुठे पातळ होतो, कुठे थांबला की शोभतो हे ठाऊक असतं, आणि तो तेवढीच जागा ठेवून कापड बेततो. दुसऱ्याच्या अंगात तो सदरा काखेत काचतो. आमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं आहे.

पण दुसऱ्या बाजूची उदाहरणंही आपल्याच घरात आहेत. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभराहून थोड्या अधिक काळात ५६ गाणी. रेडिओवर ती एकट्या फडक्यांनी गायली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, राम फाटक असे कितीतरी गळे त्यात होते. नंतर बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, जाहीर कार्यक्रमांतून सगळी गाणी स्वतः म्हटली, त्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका घरोघरी गेल्या, आणि आज गीतरामायण म्हणजे बाबूजी असं समीकरण होऊन बसलं आहे. आज ज्याला आपण हात लावू देत नाही, त्यातलं बरंचसं मुळात दुसऱ्यांदा गायलेलं आहे.

'कट्यार काळजात घुसली'ची गोष्ट आमच्या विदर्भाला जवळची. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, आणि खाँसाहेब रंगवणारे वसंतराव देशपांडेही नागपुरातच वाढलेले. १९६७ साली नाटक आलं, जितेंद्र अभिषेकींच्या चाली गाजल्या, आणि वसंतरावांनंतर खाँसाहेब कुणी करू नये असं म्हणणारे उदंड झाले. पुढे त्यांच्या नातवानं, राहुल देशपांडे यांनी, ती भूमिका रंगमंचावर केली. २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा होता आणि गळा राहुल यांचा. आज नाट्यगीतांच्या स्पर्धेला उभी राहणारी पोरं बऱ्याचदा तिथूनच वसंतरावांपर्यंत उलटी चालत जातात.

परदेशातलं एकच उदाहरण देतो. 'हर्ट' हे गाणं नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनर यांनी १९९४ मध्ये काढलं. आठच वर्षांनी, २००२ मध्ये, सत्तरीतल्या आजारी जॉनी कॅशनं ते थकल्या आवाजात गायलं. ते ऐकल्या-पाहिल्यावर हे गाणं आता आपलं राहिलं नाही, असं खुद्द रेझनर यांनी कबूल केलं. कॅशनं त्यांची नक्कल केली नव्हती, आपलं म्हातारपण त्यात घातलं होतं.

स्टाफरूममध्ये कायद्याचाही मुद्दा निघाला, तोही उलगडून ठेवतो. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि गुलशनकुमार यांच्या टी-सीरिजनं जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेऊन विकली. २०१२ पूर्वीच्या कायद्यात मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर दोन वर्षांनी तशी आवृत्ती काढता येई. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ३१ सी आलं आणि ही मुदत पाच वर्षांची झाली. आधी कळवायचं, रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींच्या हिशेबानं. शिवाय वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा चित्र टाकायचं नाही. म्हणजे कायदा गाण्याला हात लावू देतो, दुसऱ्याचा चेहरा लावून विकू देत नाही. आणि शाळेच्या कार्यक्रमात श्रोते विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असतील तर गाण्याला मुभा आहे. हे वाचून दाखवल्यावर सहकारी म्हणाले, "कायद्याचं मी बोलतच नव्हतो."

कायद्याला एक गोष्ट मात्र गृहीत धरावी लागते, ती म्हणजे गाण्याला मालक असतो. एटापल्लीच्या आसपास हे गृहीत डळमळायला लागतं.

दोन वर्षांपूर्वी एका पंडुमच्या रात्री मी जवळच्या एका गावी गेलो होतो. पंडुम म्हणजे माडियांचा सण. गोटुलसमोर, म्हणजे गावाच्या सामाईक घरासमोर, शेकोटी पेटलेली, तिच्या धगीवर पोरं ढोलाचं चामडं तापवून ताणून घेत होती. बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून रांगेत उभ्या राहिल्या आणि रेला सुरू झाला. अर्धी रांग ओळ टाकी, अर्धी उचले, प्रत्येक ओळीच्या शेवटी 'रेला'चा लांबलेला सूर, आणि त्याच ठेक्यावर सगळ्यांचं पाऊल एकदम पुढे, एकदम मागे. मोहाच्या खोडाला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर मी चाळीसेक मिनिटं ध्वनिमुद्रण केलं. त्यातलं एक गाणं असं लागलं होतं, की याहून नेमकं काही असूच शकत नाही असं मला वाटलं. माझ्या यादीतलं ते नवं गाणं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शब्द नीट उतरून घ्यावेत म्हणून मी रांग धरणाऱ्या बाईंना म्हटलं, कालचं तेच गाणं परत म्हणाल का? माडिया माणूस मराठीत बहुधा सगळ्यांनाच 'तू' म्हणतो, मास्तरलाही आणि साहेबालाही. बाई म्हणाल्या, "सर, काल तू ऐकलास ना? मग परत तेच कशाला?" तरी चौघीजणी उभ्या राहिल्या आणि गायल्या. चाल तीच, 'रेला' तोच, शब्द भलतेच. मध्येच सगळ्या फिसकन हसल्या. सोबतच्या विद्यार्थ्याला अर्थ विचारला तर तो संकोचला, मग म्हणाला, "सर, त्यात तुम्ही आहात. मोबाइलवाला सर भात खात नाही, नुसती गाणी खातो, असं म्हणतायत."

मी म्हटलं, हे कालचं गाणं नाही. बाई ठाम होत्या. तेच आहे म्हणाल्या.

मला हे पचायला बरेच दिवस लागले. ज्याला मी गाणं म्हणत होतो ते माझ्या मोबाइलमध्ये होतं, आणि त्या ज्याला गाणं म्हणत होत्या ते पावलात, ठेक्यात आणि समोर कोण बसलंय यात होतं. तिथे कालच्यासारखं हुबेहूब म्हणणं म्हणजे शिळं वाढणं.

मग या मुलखात सगळंच मोकळं असतं का? तसंही नाही. चंद्रपूर, यवतमाळ आणि पलीकडच्या आदिलाबाद भागात राजगोंडांचे परधान किंगरी या तंतुवाद्यावर कुळाच्या, देवांच्या कथा गातात. १९४० च्या दशकात हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून याची तपशिलानं नोंद केली. परधानाचं नातं ठरावीक गोंड कुळांशी पिढीजात बांधलेलं असतं, आणि देवकार्यात ती कथा त्यानंच गायची असते. "हे दुसऱ्यानं गाऊ नये" हा नियम तिथेही आहे, पण तो उत्कृष्ट गळ्यापुढे हात जोडून आलेला नाही. गाण्याशी तुझं नातं काय, एवढंच तो विचारतो.

आमच्या नववीतल्या मुलीला मी शेवटी हाच प्रश्न विचारला. हेच गाणं का? ती म्हणाली, वसतिगृहात पहाटे ते लागतं, तेव्हा उठायला बरं वाटतं. नातं म्हणून मला तेवढं पुरलं.

तालमीत अडचण निघाली. मोबाइलवरचा कराओके ट्रॅक लताबाईंच्या पट्टीतला, आणि तिचा आवाज वर जाऊन फाटायला लागला. पेटी वाजवणारे शाळेत एकच, ते म्हणजे हात लावू नये म्हणणारे सहकारी. त्यांनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी ट्रॅक बंद केला, तीन पट्ट्या खाली सूर धरला आणि म्हणाले, "इथून म्हण." संमेलनात ती एक कडवं विसरली, पहिलंच पुन्हा म्हणाली. ओळींचे शेवट ती लांबवत होती, रेल्यात लांबवतात तसे. हे तिच्या ध्यानात नसावं. सहकाऱ्यांच्या ते ध्यानात आलं होतं, कारण पेटीचा भाता ते त्या त्या ठिकाणी थांबवत होते. मंडपाबाहेर आल्यावर म्हणाले, "लताबाईंचं गाणं नव्हतं ते." तक्रार होती की कौतुक, मला सांगता येणार नाही. पालकसभेलाही तिचं नाव मात्र त्यांनीच लिहून घेतलं.

जानेवारीत तिच्या गावी जाणं झालं. अंगणात तिची आत्या सूप पाखडता पाखडता रेल्याची ओळ गुणगुणत होती. मुलगी मोबाइल घेऊन आली आणि माडियात काहीतरी म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत, "सर, आत्या चुकीचं म्हणते. व्हिडिओत असं नाही." व्हिडिओत कीबोर्ड होता, खाली 'पारंपरिक' असं लिहिलेलं होतं, आणि प्रत्येक वेळी लावला की तो अगदी तसाच वाजत होता.

आत्यानं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मान डोलावली, आणि आपली ओळ होती तिथून पुढे म्हणायला लागली.

(पुढच्या लेखांकात : झाडीपट्टीच्या मंडपात. दिवाळी ते होळी वडशाहून निघणारी नाटकं, रात्रभर चालणारं जिवंत गाणं, आणि 'वन्समोअर'ला दुसऱ्यांदा म्हटलेलं पद पहिल्यासारखं का नसतं.)