सोंग आलं की हात मोकळा होतो

कोरा कागद समोर घेतला की मनात एक आवाज उठतो: हे लिहिणारा तू कोण? लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकू येतो. त्यावरचं सर्वांत देखणं उत्तर मला ग्रंथालयात मिळालं नाही. ते मोखाड्याच्या बोहाड्यात मिळालं.

होळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या गावांत बोहाडे सुरू होतात. रात्रभर संबळ आणि सनई वाजत असते आणि मुखवटे चढवलेली सोंगं नाचत येतात. आधी गणपती, मग शारदा, पुढे पुराणातले देव आणि दैत्य, आणि सरतेशेवटी महिषासुराशी लढणारी जगदंबा. वाणीची देवी इथे सुरुवातीलाच येते, हे मला फार सुंदर वाटतं. कित्येक घरांत एखादं सोंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. ते घेणारा माणूस दिवसभर रानात राबलेला असतो. एरवी चारचौघांत तोंड उघडायला तो बिचकतही असेल. मुखवटा बांधला की तोच अख्ख्या गावासमोर पावलं टाकतो आणि गाव त्याला हात जोडतं. आपल्या शहरी बोलीत सोंग म्हणजे ढोंग. इथे मात्र देव सोंगातूनच येतो.

लाकडाच्या किंवा कागदाच्या लगद्याच्या एका मुखवट्यात एवढं बळ येतं कुठून?

लिहिताना घाबरलेलं मन दोन कामं एकदम करत असतं. एकीकडे वाक्य जुळवायचं, दुसरीकडे ‘लोक मला काय म्हणतील’ याचा हिशेब ठेवायचा. एका वेळी मनात मावतं थोडंच, आणि त्यातला मोठा वाटा हा हिशेब खाऊन टाकतो. मुखवटा नेमकं ते ओझं उतरवतो, कारण ज्याला नावं ठेवली जातील तो ‘मी’ थोडा बाजूला सरकलेला असतो. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये याचा पुरावाच मांडला. भाषणाआधी स्वतःशी बोलताना ‘मी’ न म्हणता स्वतःला नावाने हाक मारणाऱ्यांची घालमेल कमी झाली आणि त्यांचं भाषणही सरस झालं. 2017 मध्ये छापलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना एक कंटाळवाणं काम दिलं होतं. जी मुलं बॅटमॅनसारखं सोंग घेऊन बसली, ती त्या कामाला जास्त वेळ चिकटून राहिली.

हे वाचलं आणि अंगावर काटा आला. स्वतःला नावाने हाक मारणं? ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ हे दुसरं काय आहे? शाळेत आपल्याला शिकवलं की ती कवीची नाममुद्रा, म्हणजे एक प्रकारची सही. सही ती आहेच. पण नामदेवांच्या घरची दासी जनाबाई अभंगात स्वतःला ‘जनी’ म्हणते, तेव्हा दळणकांडण करणारी बाई आणि देवाला खडसावणारी कवयित्री यांच्यात एक वीतभर अंतर पडतं. माझी खात्री आहे की ते धाडस त्या अंतरातूनच येतं.

याच अंतराच्या आधाराने 1933 साली मराठीत एक पुस्तक आलं, ‘कळ्यांचे निःश्वास’. शिकलेल्या, अविवाहित तरुणींच्या मनातलं त्यात उघडपणे लिहिलं होतं. मुखपृष्ठावर नाव होतं विभावरी शिरूरकर. गहजब झाला. कोण ही बाई, की बाईच्या नावाआडून लिहिणारा कोणी पुरुष, इथपर्यंत चर्चा गेली. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी गुपित राखलं. लिहिणारी होती बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर, पुण्यात मुलींना शिकवणारी एक तरुण शिक्षिका. त्या काळात खऱ्या नावाने हे छापून शाळेत शिकवत राहणं किती अवघड गेलं असतं, याची कल्पना करून पाहा. नावाच्या आड उभं राहून तिने मन मोकळं केलं, आणि दुसऱ्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी दिली. पुढे ती सोलापूरच्या ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत नोकरीला गेली. तिथे जे पाहिलं, त्यातून 1950 साली ‘बळी’ लिहिली.

कालांतराने खरं नाव सर्वांना कळलं, झाकण्यासारखं काही उरलं नाही. तरीही ‘बळी’वर लेखिकेचं नाव आजही विभावरी शिरूरकर असंच आहे.